पहिला सेट गेल्यावर सामना फिरवायचा कसा

टेनिसमध्ये पिछाडी पुढच्या सेटच्या खात्यात जमा होत नाही. पहिला सेट ०-६ गेला काय किंवा ६-७ गेला काय, दुसरा ०-० पासूनच सुरू होतो. २०२५ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात यानिक सिनरने एकूण १९३ पॉइंट घेतले आणि कार्लोस अल्कराझने १९२; करंडक मात्र अल्कराझकडे गेला, ४-६, ६-७, ६-४, ७-६, ७-६ असा. त्यामुळे सेट हरल्यावर आपण किती पॉइंटांनी मागे पडलो याला फारसा अर्थ नाही. ते पॉइंट कुठे गेले हे शोधायचं, ती एक गळती बुजवायची आणि बाकीचा खेळ आहे तसा राहू द्यायचा. पहिला सेट गेल्यामुळे जितके सामने हातचे जातात, त्याहून जास्त सामने त्यानंतर घाबरून एकदम चार गोष्टी बदलल्यामुळे जातात.

आधी स्कोअर नीट वाचा

सेट ७-६ किंवा ७-५ असा गेला असेल, तर तुमचा खेळ बरोबरीचा होता. दोन-तीन पॉइंट इकडचे तिकडे झाले, इतकंच. अशा वेळी डावपेच बदलणं ही सरळ चूक. २०२५ च्याच फ्रेंच ओपनमध्ये महिलांचा अंतिम सामना कोको गॉफने अरिना सबालेंकाविरुद्ध ६-७, ६-२, ६-४ असा जिंकला. वारं जोरात होतं, सबालेंका जोखमीचे फटके मारत होती आणि सामना संपेपर्यंत तिच्या नावावर ७० अनफोर्स्ड एरर (दडपण नसताना केलेल्या चुका) जमा झाले. गॉफने काही नवीन शोधून काढलं नाही. पळायचं, चेंडू खोल परत पाठवायचा आणि समोरचीला आणखी एक फटका मारायला लावायचा, हे पहिल्या सेटमधलंच काम तिने पुढेही चालू ठेवलं.

६-४ म्हणजे हिशेबाने एका ब्रेकचा (समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गेमचा) फरक. ६-३ मात्र फसवा आहे. सेटची पहिली सर्व्हिस समोरच्याने केली असेल, तर त्याने पाच गेम राखले आणि तुमची सर्व्हिस एकदाच भेदली, म्हणजे फरक एका ब्रेकचाच. पहिली सर्व्हिस तुमची असेल, तर त्याच ६-३ मध्ये फरक दोन ब्रेकचा होतो. पहिल्या प्रकारात तो एकच गेम डोळ्यांसमोर आणा: डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेले पॉइंट) किती, दुसऱ्या सर्व्हिसवर किती पॉइंट गेले, ४०-१५ वरून घसरलात का. दुसऱ्या प्रकारात तुमच्या सर्व्हिसचं काहीतरी त्याला नेमकं कळलंय असं समजा.

६-१ किंवा ६-० गेला, तर आहे त्याच पद्धतीने जास्त जोर लावून काही होणार नाही. इथे बदल हवाच. पण त्यातही एक सवलत लक्षात ठेवा, समोरचा त्या दर्जाने तीन सेट क्वचितच खेळतो. २०२३ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात अल्कराझने जोकोविचकडून पहिला सेट १-६ गमावला, दुसरा टायब्रेकमध्ये (६-६ नंतरच्या निर्णायक गेममध्ये) ८-६ असा खेचून घेतला आणि तिसरा स्वतः ६-१ ने जिंकला. नाओमी ओसाका २०२० च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात व्हिक्टोरिया अझारेंकाविरुद्ध १-६, ०-२ अशी मागे होती; पुढचे दोन्ही सेट तिने ६-३, ६-३ घेतले.

सेट १-५ असा हातातून सुटत असतानाच खरं तर काम सुरू करता येतं. उरलेले एक-दोन गेम चाचणीसाठी वापरा: रिटर्नला मागे उभं राहून बघा, किक सर्व्हिस (स्पिनमुळे टप्प्यानंतर उंच उसळणारी) बॅकहँडवर टाकून बघा. तिथे चुकलं तर नुकसान थोडं आणि माहिती पुढच्या सेटच्या कामाची.

दोन मिनिटांचा उपयोग

सेट संपल्यावर १२० सेकंद मिळतात, एरवीच्या चेंजओव्हरला (बाजू बदलताना) ९०. दोन्हींत पंच शेवटची तीस सेकंदं उरताना ‘टाइम’ म्हणतात, त्यामुळे सेटनंतर बसायला प्रत्यक्षात दीड मिनिट. पहिली तीस सेकंदं शरीराला द्या: टॉवेल, तीन-चार घोट पाणी, लांब उच्छ्वास. या वेळात विचार केला तर राग येतो, उत्तर सापडत नाही.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा. बहुतेक पॉइंट कसे गेले: माझ्या सोप्या चुकांनी, त्याच्या विनर्सनी (ज्यांना रॅकेटही लावता आली नाही अशा फटक्यांनी), की माझ्या दुसऱ्या सर्व्हिसवर? तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. सोप्या चुका असतील तर निशाणा रेषेपासून मीटरभर आत आणा आणि चेंडू नेटवरून जास्त उंच काढा. त्याचे विनर्स असतील तर तो ते कुठून मारतोय बघा. बहुधा तुमच्या आखूड पडलेल्या चेंडूवर. दुसरी सर्व्हिस मार खात असेल तर खालचा भाग वाचा.

शेवटच्या वीस सेकंदांत पुढच्या गेमचे पहिले दोन पॉइंट ठरवा. ‘आक्रमक खेळायचं’ असं नाही. ‘पहिली सर्व्हिस अंगावर, मग फोरहँड त्याच्या बॅकहँड कोपऱ्यात’ इतकं नेमकं.

एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्याच्या) स्पर्धांत टॉयलेट ब्रेक सामन्यात एकदाच, तोही सेट संपल्यावरच मिळतो. आत गेल्यापासून तीन मिनिटं, कपडे बदलायचे असतील तर आणखी दोन. घामाने भिजलेले मोजे आणि शर्ट बदलायला तो जरूर घ्या, पावलांना फोड येण्याचं प्रमाण त्याने कमी होतं. निव्वळ समोरच्याची लय तोडायला घेतलात तर तुमचेही पाय गार पडतात, आणि परत आल्यावर सर्व्हिस तुमची असेल तर हा शहाणपणा चांगलाच महागात पडतो.

प्रशिक्षकांसाठी एक गोष्ट. कोर्टाबाहेरून सल्ला देण्याची मुभा १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत आली आहे, स्पर्धेने ती लागू केली असेल तर. ती मिळाली म्हणून सहा सूचना देऊ नका. एक वाक्य पुरे: ‘रिटर्न मधोमध, खोल.’

सर्व्हिस: इथे सगळ्यात लवकर फरक पडतो

सेट हरलेला खेळाडू सर्व्हिस आणखी जोरात मारू लागतो. हिशेब उलटा आहे. समजा, पहिली सर्व्हिस आत पडली की तुम्ही ७० टक्के पॉइंट घेता आणि दुसरीवर ५० टक्के. पहिली सर्व्हिस निम्म्याच वेळा आत पडत असेल, तर सर्व्हिसवरचे एकूण ६० टक्के पॉइंट तुमचे. तीच ६५ टक्के वेळा आत पडू लागली, तर प्रमाण ६३ टक्क्यांवर जातं. तीन टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. पण ६० टक्के पॉइंट घेणारा शंभरातले साधारण ७४ सर्व्हिस गेम राखतो आणि ६३ टक्के घेणारा ७९ ते ८०. जोर थोडा कमी करून थोडा स्पिन वाढवला, तर एवढा फायदा मिळतो, शिवाय दुसऱ्या सर्व्हिसची धास्ती कमी होते ती वेगळीच.

पहिल्या सर्व्हिसचं प्रमाण ५५ टक्क्यांखाली असेल तर पुढचे दोन सर्व्हिस गेम कोपरे विसरा आणि अंगावर सर्व्हिस करा, रिटर्न करणाऱ्याच्या उजव्या कमरेच्या रोखाने (तो उजव्या हाताने खेळत असेल तर). आत पडण्याची शक्यता जास्त, त्याला हात मोकळा करता येत नाही आणि रिटर्न बहुधा मधे येतो. उंच, लांब हातांच्या खेळाडूंविरुद्ध हे विशेष चालतं.

डबल फॉल्टची गोष्ट वेगळी. ताण आला की आधी बिघडतो तो टॉस, म्हणजे चेंडू वर टाकणं. चेंडू सोडणारा हात लवकर खाली येतो, त्याबरोबर खांदा आणि डोकं खाली झुकतं आणि चेंडू नेटमध्ये जातो. उपाय: रॅकेट पाठीमागे खाली जायला लागेपर्यंत टॉसचा हात वर ठेवायचा. दुसरा बिघाड म्हणजे ‘जपून’ मारणं. हात मंदावला की स्पिन मरतो आणि स्पिनशिवाय चेंडू खाली उतरत नाही, लांब जातो. दुसऱ्या सर्व्हिसला रॅकेट पहिलीइतकीच वेगात फिरवायची. फरक फक्त चेंडूला खालून वर घासण्यात. किक सर्व्हिस नेटवरून दोन-तीन फूट उंच गेली पाहिजे. नेटची पट्टी घासून जात असेल, तर ती किक नाही.

सर्व्हिस ओळखली जातेय अशी शंका असेल, तर ड्यूस कोर्ट (उजवी बाजू) आणि ॲड कोर्ट (डावी बाजू) वेगवेगळे आठवा. बहुतेकांची एक बाजू ठरून गेलेली असते: ॲड कोर्टवरून ३०-४० असताना नेहमी बाहेरच्या बाजूला. समोरच्यानेही ते टिपलेलं असतं. त्या पॉइंटला एकदाच मधल्या टीकडे (मधली रेषा सर्व्हिसच्या रेषेला मिळते तिथे) सर्व्हिस केली, तरी पुढे त्याला आधीच सरकून उभं राहता येत नाही.

रिटर्न: उभं राहण्याची जागा बदला

समोरचा गेम सहज राखत असेल, तर फटका बदलण्याआधी जागा बदला. वेगवान सर्व्हिसचा टप्प्यानंतरचा वेग बघता एक मीटर मागे सरकून तुम्हाला सेकंदाचा जेमतेम तीन शतांश भाग जास्त मिळतो. म्हणून अर्धं पाऊल मागे घेऊन काही साधत नाही. जायचं तर दोन मीटर जा. मेदवेदेव, थीम, नदाल हे हार्ड कोर्टावरही खूप मागून रिटर्न करत आले. त्याची किंमत अशी की बाहेर वळणाऱ्या सर्व्हिसला कोन मिळतो आणि नेटकडे धावणाऱ्याला मोकळी जागा. त्याने दोनदा सर्व्ह अँड व्हॉली केली (सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावला) की पुन्हा पुढे या.

दुसऱ्या सर्व्हिसला याउलट बेसलाइनच्या (मागच्या रेषेच्या) आत. त्याने चेंडू वर टाकल्यावर सरका, आधी नको. आधी सरकलात तर त्याला दिसतं आणि तो अंगावर मारतो. या रिटर्नवर विनर काढायचा नाहीये. चेंडू खोल, त्याच्या पायांशी, शक्यतो मधोमध पाठवायचा. मधून त्याला कोन मिळत नाही आणि बाहेर जाण्याचा धोकाही कमी. व्यावसायिक सामन्यांत बहुतेक पॉइंट पहिल्या चार फटक्यांतच संपतात, त्यामुळे नुसता रिटर्न आत ठेवणं हे वाटतं त्याहून मोठं काम आहे.

अडचणीतला सर्व्हर आपल्या लाडक्या जागी जातो. पहिल्या सेटमध्ये ३०-३० आणि ब्रेक पॉइंटला त्याने कुठे सर्व्हिस केली एवढंच आठवा. चारपैकी तीनदा एकच बाजू असेल, तर पुढच्या ब्रेक पॉइंटला तिकडे झुका. चुकलात तर एक पॉइंट जाईल.

रॅलीत काय बदलायचं

शंका आली की क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका फटका. नेट मधे ०.९१४ मीटर आणि खांबांपाशी १.०७ मीटर, एकेरीच्या कोर्टाचा कर्ण सरळ लांबीपेक्षा जवळजवळ १.४ मीटर जास्त. म्हणजे तिरक्या फटक्याला नेट पंधरा सेंटिमीटर ठेंगणं आणि कोर्ट लांब. पिछाडीवर असलेला खेळाडू डाउन द लाइन (कडेच्या रेषेलगत सरळ) मारून पॉइंट लवकर संपवायला बघतो आणि तिथेच चुका वाढतात. क्रॉसकोर्ट दोनदा, तिसरा चेंडू आखूड आला तरच रेषेवरून.

सपाट आणि जोरकस मारणाऱ्याला वेग आवडतो, तो त्याला पुरवू नका. खांद्याच्या वर उसळणारा उंच टॉपस्पिन त्याच्या बॅकहँडला, मधूनच बुटका स्लाइस (उलट्या स्पिनचा, खाली राहणारा चेंडू). दोन चेंडू एका उंचीवर येऊ द्यायचे नाहीत. दिवसभर चेंडू परत पाठवणाऱ्याविरुद्ध मात्र ही युक्ती उपयोगाची नाही. त्याला नेटकडे ओढा, आखूड स्लाइस टाकून पुढे बोलवा आणि मग पास करा (चेंडू त्याच्या बाजूने काढा). ड्रॉप शॉट (नेटपलीकडे अलगद टाकलेला चेंडू) त्याच्यावर चालतो, पण तुम्ही स्वतः बेसलाइनच्या आत असाल तेव्हाच. दोन मीटर मागून दमून मारलेला ड्रॉप शॉट म्हणजे पॉइंट सोडून देण्याची सभ्य पद्धत.

एक साधन सगळेच विसरतात: बॅगेतली दुसरी रॅकेट. चेंडू सतत हातभर बाहेर जात असेल, तर तारांना किलोभर जास्त ताण असलेली रॅकेट घ्या. आखूड पडत असेल तर कमी ताणाची. पॉलिएस्टरच्या तारा खेळता खेळता सैल होतात, त्यामुळे त्याच ताणाची न वापरलेली रॅकेटसुद्धा जास्त घट्ट लागते.

दुसऱ्या सेटची सुरुवात, आणि नवे चेंडू

सेट जिंकलेला खेळाडू पुढच्या पहिल्या दोन-तीन गेममध्ये थोडा सैल पडतो. ही खिडकी छोटी असते. तिचा फायदा घ्यायचा तर घाई करू नका: दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद आहेत, सर्व्हिस तुमची असेल तर वीस तरी वापरा. हरणारा नेमका इथे भराभर सर्व्हिस करत सुटतो.

सर्व्हिसचा क्रम सेट बदलला तरी पुढे चालू राहतो. शेवटचा गेम समोरच्याने सर्व्हिसवर संपवला असेल, तर नव्या सेटची पहिली सर्व्हिस तुमची, आणि ते बरं असतं; तुम्ही एक गेम पुढे राहता आणि ५-४ ला दडपण त्याच्यावर येतं. दुहेरीत तर नव्या सेटला जोडीतला सर्व्हिसचा क्रम बदलता येतो. ऊन-वारा बघून चांगल्या सर्व्हरला सोयीची बाजू द्या.

चेंडूंचा हिशेब मनात ठेवा. ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमनंतर नवे चेंडू येतात, म्हणजे सामन्याच्या ८ व्या, १७ व्या, २६ व्या आणि ३५ व्या गेमला. पहिला सेट ६-४ गेला असेल तर दुसऱ्याच्या सातव्या गेमला, ६-३ असेल तर आठव्या, ७-६ असेल तर चौथ्या. सामन्याची पहिली सर्व्हिस ज्याने केली, १७ वा गेम त्याच्याच सर्व्हिसचा असतो. नवा चेंडू जास्त वेगात सुटतो आणि लांब जातो. तुमच्या हाती येणार असेल तर त्याआधीचा रिटर्न गेम जीव तोडून खेळा, कारण पुढचा गेम राखायला सोपा जाणार आहे. समोरच्याकडे जाणार असेल तर एक पाऊल मागे उभे राहा आणि रिटर्नचा झोका आखूड करा.

पुन्हा ब्रेक झाला तर

होतो. २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात नदाल मेदवेदेवविरुद्ध दोन सेटनी मागे होता आणि तिसऱ्यात २-३, ०-४० अशी स्थिती होती. तो गेम वाचला आणि सामना पाच तास चोवीस मिनिटांनी, पाचवा सेट ५-७ असा जाऊन, मेदवेदेवच्या हातून गेला. ०-४० वर तिन्ही पॉइंटांचा विचार एकदम केला तर हात जड होतो. पहिल्या पॉइंटला तुमची सगळ्यात खात्रीची सर्व्हिस, तीच जागा, पहिलीच आत. १५-४० झाल्यावर पुढचं.

दुसऱ्या सेटमध्ये ०-२ पडल्यावर लगेच योजना फेकून देऊ नका. निवडलेल्या बदलाला किमान चार गेम द्या. रिटर्न आत पडताहेत, गेम ड्यूसपर्यंत (४०-४०) जाताहेत, पण पॉइंट मिळत नाहीत, अशी स्थिती असेल तर बदल बरोबर आहे. गेम ४०-० ने जात असतील तरच दुसरा उपाय काढा. पाच सेटच्या सामन्यात अशा प्रयोगाला एक अख्खा सेटही देता येतो. तीन सेटच्या सामन्यात तेवढी चैन नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिअँडर पेसने कांस्यपदकाच्या लढतीत फर्नांडो मेलिजेनीकडून पहिला सेट ३-६ गमावून पुढचे ६-२, ६-४ घेतले. तीन सेटच्या सामन्यात परतायचं तर दुसरा सेट असा सुरुवातीपासूनच घ्यावा लागतो.

बरोबरी झाल्यावर

सेट जिंकल्याचा सुस्कारा टाकला आणि तिसऱ्याचा पहिला गेम गेला, हा सगळ्यात नेहमीचा अपघात. आता सैल पडण्याची पाळी तुमची आहे. सेट ब्रेकला खुर्चीत पाय पसरून बसू नका. शेवटची तीस सेकंदं उभे राहा, टाचा उचला, दोन-चार झोके घ्या. ज्या बदलाने दुसरा सेट मिळाला तो चालू ठेवा, समोरचा आता नेमका त्यावर उपाय शोधत असेल. त्याने जागा बदलली का, एवढं पहिल्या दोन रिटर्नला बघा.

दोन तासांनंतर पोटऱ्या बोलू लागतात. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात; सहा टक्के साखरेच्या अर्धा लिटर पेयात तीस ग्रॅम येतात, एका मध्यम केळ्यात पंचवीसच्या आसपास. तहान लागल्यावर एकदम अर्धी बाटली रिकामी केली तर पोट डुचमळतं, म्हणून दर चेंजओव्हरला थोडं थोडं, आणि घाम खूप येत असेल तर त्यात मीठ हवंच. पेटका येण्याआधी स्नायू फडफडतो. ते जाणवलं की लांब रॅली कमी करा आणि पहिली सर्व्हिस आत पाडण्यावर सगळं लक्ष द्या.

ग्रँड स्लॅममध्ये निर्णायक सेट ६-६ झाला की दहा पॉइंटांचा टायब्रेक असतो, दोनच्या फरकाने, दर सहा पॉइंटांनी बाजू बदलून. अल्कराझने सिनरविरुद्ध तो १०-२ असा घेतला. यात पहिले चार पॉइंट फार मोलाचे असतात, कारण दोन मिनी-ब्रेकची (समोरच्याने तुमच्या सर्व्हिसवर घेतलेल्या पॉइंटांची) पिछाडी भरून काढायला पॉइंट पुरत नाहीत. जोखीम घ्यायची तर समोरच्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर घ्या.

आणि ५-४ वर सामना संपवण्यासाठी सर्व्हिस करायची असेल, तर आज सगळ्यात जास्त पॉइंट देणारी सर्व्हिस कोणती ते आठवून पहिला पॉइंट खुर्चीतच ठरवा. सुरक्षित म्हणून नेहमीपेक्षा हळू मारलेली पहिली सर्व्हिस रिटर्नवाल्याला अख्ख्या सामन्यात मिळालेला सगळ्यात सोपा चेंडू ठरते.